ग्रुप फोटोतले अनुपस्थित

आमच्या कॉलेजात 'ऐतिहासिक अभिलेखागार' अशी पाटी लावलेली एक खोली आहे. पाटी नवी आहे, खोली जुनी. आधी तिथे खेळाचं सामान असायचं. तपासणी समितीच्या फॉर्मात अभिलेखागाराबद्दल एक प्रश्न होता आणि तो कोरा सोडणं प्राचार्यांच्या जिवावर आलं, म्हणून व्हॉलीबॉलची जाळी बाहेर गेली आणि कपाटं आत आली. खोली कुणाच्या गळ्यात मारायची, तर इतिहासाच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या. "मॅडम, तुम्हाला जुन्याची आवड आहेच," प्राचार्य म्हणाले. मला जुन्याची आवड नाही. मला चौकशांची आवड आहे. अकोल्याला माहेरी मला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे. लग्न होऊन अमरावतीला आले, सासरच्यांनी बरेच प्रयत्न केले, पण ती खिडकी काही बंद झाली नाही.

समिती आली, पाटवडी-रस्सा जेवली, दारातून आत डोकावून "व्हेरी गुड" म्हणाली आणि गेली. तिथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण तोपर्यंत मी कपाटं उघडली होती.

कॉलेज चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात आहे. अमरावतीहून मी रोज एसटीने येते-जाते. अभिलेखागारात आम्ही दोघं. मी आणि आमचा ग्रंथपाल. तो याच गावचा, वयाने माझ्याहून बराच लहान, आणि कुलगुरू समोर असले तरी अस्सल वऱ्हाडीतच बोलणारा. स्कॅनर, कॉम्प्युटर वगैरे त्याच्याकडे. लोकांवर चिडणं आणि मग त्यांना चहा पाजणं माझ्याकडे. दर महिन्याला आम्ही 'अभिलेखागार वार्ता' नावाचं एक पान काढतो आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लावतो. या महिन्यात काय आलं, कुणी दिलं, काय ओळखू आलं नाही. वसतिगृहाच्या खानावळीतला पितळी डाव आला. गॅदरिंगची पेटी आली, तिचा भाता उंदरांनी खाल्लेला. एका माजी विद्यार्थ्याने तर आपली जुनी सायकलच आणून उभी केली. का, तर तो याच सायकलवरून कॉलेजला यायचा म्हणून. ती नाही म्हणता म्हणता ठेवून घ्यावी लागली.

पण खोलीतली खरी दौलत म्हणजे ग्रुप फोटो. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजच्या मैदानावर काढलेले, जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली रांगेवार नावं छापलेले. नावांच्या पट्ट्या कसरीने कुरतडल्या होत्या. एखाद्या पट्टीची पहिली ओळ शाबूत, मधलं सगळं गायब, शेवटची ओळ पुन्हा शाबूत. म्हणजे चेहरे भरपूर, नावं मोजकी. मला तर वेड लागायची पाळी आली. हा टेचात मान वाकडी करून उभा असलेला पोरगा कोण? या दोन मुली अख्ख्या वर्गात दोघीच का? यांचं पुढे काय झालं?

ग्रंथपालाने तोड काढली. फोटो मोठे करून फ्लेक्सवर छापायचे, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्यायचा आणि बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात लावायचे. बाजाराला सगळ्या खेड्यांतली माणसं येतात. ज्याला जो ओळखू येईल त्याने चिठ्ठीवर आकडा आणि नाव लिहून डब्यात टाकायचं. "मॅडम, लोकं बाजारात वांगे पाहाले येते, थे फोटो पाहाले काऊन नाई येनार?" तो म्हणाला. मला वाटलं होतं, कुत्रंही फिरकणार नाही.

पहिल्याच बाजाराला व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. पिशव्यांतून मेथी-पालक डोकावतोय, खांद्यावर पोरं आहेत आणि बोटं फ्लेक्सवर फिरताहेत. "हा पाय आपला मामा!" "कोनचा मामा? थो तं काया होता." भांडणं, हसणं, फोनवरून फोटो पाठवणं. चिठ्ठ्यांनी डबा भरला. घरी जाताना एसटीत मला इतका आनंद झाला होता की कंडक्टरशीही गोड बोलले.

दुसऱ्या बाजाराला मात्र वेगळाच प्रकार घडला. दुपारी व्हरांड्यात आले तर फ्लेक्सवरच्या दोन-तीन चेहऱ्यांवर कुंकवाचे टिळे आणि खाली पायरीवर झेंडूची फुलं. कुणाला तरी आपले वारलेले वडील सापडले होते आणि त्याने रीतसर टिळा लावून फूल वाहिलं होतं. ते पाहून दुसऱ्यानेही वाहिलं. मी ग्रंथपालावर ओरडले, "हे अभिलेखागार आहे की देऊळ?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मेलेल्या बापाले नुस्ता आकडा देऊन कोन परत जाईन?"  पुढच्या बाजारापासून लोक येतानाच गेटवरच्या फुलवालीकडून हार घेऊन येऊ लागले. फ्लेक्सच्या वरच्या काठीला सुतळीने हार लटकायचे, खालचा चेहरा हाराच्या टोकाशी येईल असे.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका उत्साही माणसाने खुर्चीवरच्या रांगेतल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना हार घातला. त्यांचा लाडका विद्यार्थी होता म्हणे. सर अमरावतीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, ठणठणीत राहतात. हार घातलेला फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत त्यांच्याच फोनवर पोचला. संध्याकाळी मला फोन आला. "मी आत्ताच फिरून आलो," सर म्हणाले. "घामही पुसलेला नाही. आणि तुमच्या कॉलेजात मला हार? तोही झेंडूचा?" मागून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू येत होतं. मी इतकी माफी मागितली की माझाच घसा बसला. त्या महिन्याच्या 'वार्ता'त ठळक अक्षरात एक सूचना गेली: हयात व्यक्तींना हार घालू नये.

ती सूचना लावली त्याच्या पुढच्या बाजाराला गेटवरची फुलवाली व्हरांड्यात आली. पन्नाशीची बाई, पाठीचा कणा ताठ, कपाळावर आठी, हातांना फुलांचा वास. गावाबाहेर त्यांचं वावर आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध तिथेच पिकवतात आणि इथे विकतात. आजवर मी तिच्याशी फक्त भावावरून हुज्जत घातली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "बंदे लोकं माह्याकून हार घेऊन तुमच्याकडे येऊन राहिले. ज्याच्या-त्याच्या बापाले हार. मंग मी म्हटलं, माहा बापही याच कॉलेजात होता. पाहा बरं भेटते का."

तिचे वडील कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. ती अंगावर पीत होती तेव्हाच काविळीने गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. लग्न खेड्यात झालं, तेव्हा तिथे फोटो काढायला कोण येणार? कॉलेजातल्या नोकरीच्या फायली मागे एका पावसाळ्यात छत गळून नासल्या, त्या मी स्वतःच लगदा झालेल्या पाहिल्या होत्या. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, पोरं झाली. नवरा घरजावई म्हणून वावरातच राहिला, आणि आईही तिच्याजवळच.

"माय आहे माही," ती म्हणाली. "लहानपनी मी इचारो, बाबा कसे दिसे? तं म्हने, दिसे मान्सासारखे. मले वाटे, सांगत नाई. आता म्हातारी झाली. यंदा अक्षय तृतीयेले त्याइच्या नावानं घागर भरली अन् बसली रडत. म्हने, घागर भरतो व माय मी दरसाल, पन तोंड काई येत नाई डोयासमोर. बंदं पुसल्या गेलं." मग तिने आठी घट्ट केली, जणू मीच ते पुसलं होतं. "आता मले थो फोटो पायजेच. मायले दाखवाले. तिच्यानं किती दिवस निंघते अन् किती नाई."

मी तिला बसवलं, वडिलांचं नाव विचारलं, आणि त्या वर्षांचे पुठ्ठे काढले. नाव लगेच मिळालं. मला इतका हर्ष झाला की मी ते मोठ्याने वाचलं. मग त्याच्या आधीचा शब्द वाचला.

अनुपस्थित.

दुसरा पुठ्ठा काढला. कसरीने मधल्या ओळी खाल्लेल्या, शेवटची शाबूत. अनुपस्थित, आणि पुढे तेच नाव. तिसरा पुठ्ठा. तेच. त्यांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत दरवर्षी फोटो निघाला होता आणि दरवर्षी हा एकच माणूस गैरहजर होता. बाकी कुणाचंही नाव त्या ओळीत दोनदा आलेलं नव्हतं.

"असं कसं?" ती म्हणाली. "माय तं म्हनते, तापातही कॉलेजात जाये."

मी तिला शोधते म्हणून सांगितलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. दरवर्षी फोटोच्या दिवशीच हा माणूस कुठे जायचा? फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी भीती होती का त्याला? प्राचार्यांशी बिनसलं होतं? की खुर्चीवर बसायचे ते साहेब आणि आपण पायाशी बसायचं, याचा राग होता? तसं असेल तर मला तो माणूस न पाहताच आवडायला लागला होता. ग्रंथपालाचं म्हणणं वेगळंच. "काई नाई मॅडम, बहिरमच्या यात्रेत जात असन. त्याच दिवसात तं असते थे. हंडीतलं मटन अन् रोडगे सोडून कोन फोटो काढाले थांबन?" यात्रा आणि फोटो एकाच मोसमातले, हे खरं होतं. पण दरवर्षी नेमका तोच दिवस?

हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. प्रयोगशाळा ज्यांच्या ताब्यात होती ते पदार्थविज्ञानाचे सर. आणि ते माझ्यावर रुसून बसले होते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. जाताना मोर्शीकडची संत्री नेली. हार-फुलांतलं काही नेण्याची सोय नव्हती. सरांच्या बायकोने दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्या तेराव्याचं आमंत्रण आलं बघा." सर हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ मला इतिहास विषयाच्या बेजबाबदारपणाबद्दल ऐकवलं. मी मूग गिळून ऐकलं, जे मला फारसं जमत नाही. संत्री सोलली गेली, चहा आला, तेव्हा मी नाव घेतलं.

सरांनी कप खाली ठेवला. "हो, होता ना. फार नीटस माणूस. काचेचं भांडं त्याच्या हातून कधी फुटलं नाही."

"सगळ्या ग्रुप फोटोत अनुपस्थित का, सर?"

"अनुपस्थित?" सर खुर्चीत पुढे सरकले. "कोण म्हणतं अनुपस्थित? तो तर तिथंच होता!"

मग त्यांनी सांगितलं. सगळ्यात मागची रांग उंच दिसावी म्हणून ती मुलं वर्गातून आणलेल्या लांब बाकांवर उभी करायचे. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल आणि थंडी सरली की जमिनीला हात जाईल अशा भेगा. एका वर्षी ऐन फोटोच्या वेळी बाकाचा पाय भेगेत गेला आणि अख्खी रांग मागच्या मागे आडवी झाली. एका मुलाचं मनगट मोडलं. त्याच्या वडिलांनी प्राचार्यांच्या खोलीत येऊन जो उद्धार केला तो सगळ्या स्टाफने व्हरांड्यात उभं राहून ऐकला.

"पुढच्या वर्षी हा नोकरीला लागला, आणि फोटोची तयारी सुरू झाली तर आपणहून बाकामागे जाऊन बसला," सर म्हणाले. "म्हणे, सर, तुमी बसा समोर, बाक मी धरतो. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून उकिडवा. तेव्हापासून ती पद्धतच पडली. फोटोवाला 'रेडी' म्हणायचा, आम्ही सगळे समोर पाहायचो. मागे कोण काय करून राहिलं, कोण पाहतं?"

"आणि ते अनुपस्थित?"

सर खुर्चीत पुन्हा मागे टेकले. "ते माझ्यामुळे. मी म्हटलं, त्याचंही नाव आलं पाहिजे. फोटोवाला म्हणे, जो दिसत नाही त्याला कोणत्या रांगेत लिहू? शेवटी त्याने त्या ओळीत घातलं. मला वाटलं, चला, नाव तरी आलं." त्यांनी संत्र्याची एक फोड हातात घेतली, ती तशीच धरून ठेवली. "तेव्हा चांगलंच वाटलं होतं."

सोमवारी मी एसटीतून उतरले ती जवळजवळ पळतच खोलीत शिरले. ग्रंथपालाला म्हटलं, स्कॅन उघड आणि खाली बघ. "खाली म्हंजे कुठं?" कमरेच्या खाली! इतके महिने आम्ही ते फोटो पाहत होतो, आकडे देत होतो, माणसं ओळखत होतो, पण बघत होतो फक्त चेहरे. खालचं जग कुणी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं तर काय एकेक! एका प्राध्यापकांच्या दोन पायांत दोन वेगळे मोजे. एका पोराने पुढच्याच्या खुर्चीमागे चप्पल काढून ठेवलेली. एका फोटोत कुत्र्याची शेपटी, फक्त शेपटी. मी हसत होते आणि पुढचा फोटो उघडायला सांगत होते.

मागच्या रांगेच्या अगदी उजव्या टोकाला बाकाची कड थोडी बाहेर आलेली दिसली. तिच्यावर बेलबॉटम घातलेला एक उंच मुलगा. त्या काळचे ते बेलबॉटम, एकेका पायात धान्याचं पोतं मावेल असे रुंद. ग्रंथपालाने मोठं केलं, आणखी मोठं केलं. कापडाच्या घेराच्या दोन बाजूंनी बाकाच्या कडेवर दोन हात आले होते. मागून. बोटं पुढे वळलेली, घट्ट. शर्टाची बाही मनगटावर दुमडलेली. डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांबरोबर न वळता बाहेरच राहिलेली.

"आहे ना बाप्पा!" ग्रंथपाल म्हणाला आणि उभाच राहिला.

आम्ही राहिलेले सगळे फोटो काढले. त्यांच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षी ते हात होते. कधी उजव्या टोकाला, कधी डाव्या. चेहरा एकाही फोटोत नाही. दरवर्षी कुणा ना कुणाचा बेलबॉटम मध्ये आलेला. एका फोटोत दोन पायांच्या फटीतून काहीतरी काळं दिसतं, ते तेल लावून विंचरलेले केस असतील किंवा नुसती सावली असेल. आम्ही ते इतकं मोठं केलं की शेवटी नुसते ठिपके उरले. त्या बेलबॉटमवाल्या पोरांचा मला असा राग आला की ती समोर असती तर एकेकाचा कान धरला असता. बिचारे आता सत्तरीचे असतील.

बाजाराच्या दिवशी फुलवालीला बोलावलं. मी तिला सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि हातांचा मोठा केलेला फोटो पुढे ठेवला. वाटलं होतं, ती हरखेल. तिने फोटो पाहिला, उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

"अन् तोंड?"

"तोंड नाही दिसत, ताई."

"कोनत्याच फोटोत?"

"कोणत्याच नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "मंग मी काय करू याचं? हाताले हार घालू?" तिचा आवाज इतका चढला की व्हरांड्यातली माणसं आत पाहायला लागली. "माय तिकडं तोंडासाठी झुरून राहिली अन् तुमी मले बोटं देता? दुनियेचे बाप समोर उभे, माहाच बाप काऊन मांग बसला?" मग ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.  मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले होते आणि ते लपवावे असं मला वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने फोटो पुन्हा हातात घेतला. "हे त्याइचेच हात कशावरून?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे सरांची आठवण होती, बाकी काही नाही. "तुमी चाला घरी," ती म्हणाली. "मी एकटीनं दाखवलं तं माय म्हनन, पोट्टीनं समजूत काढाले काईतरी आनलं. पन एक करा. कोनाचे हात आहे, थे तिले सांगू नका."

ती अट मला पटली, आणि भीतीही वाटली. म्हातारीने "कोनाचे का असेना" म्हणून फोटो बाजूला ठेवला तर? या लेकीला मी कोणत्या तोंडाने पुन्हा भेटणार होते? माझ्या चौकशीचा आजवर कुणाला त्रास झाला नव्हता. झाला असलाच तर मला होत होता, आणि तो मला आवडायचा. आता पहिल्यांदाच वाटलं, उगाच खणलं.

वावर गावापासून लांब नव्हतं. शेवंतीच्या ताटव्यांपलीकडे पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात म्हातारी एका पोत्यावर पाय पसरून बसली होती, पुढ्यात फुलांचा ढीग, हातात लांब सुई. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. ऊन पाठीवर घेण्यासाठी तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला होता. पांढरे केस, मागे सुपारीएवढा अंबाडा.

"कॉलेजातल्या मॅडम आल्या, माय," लेक म्हणाली.

"या जी, बसा," म्हातारी म्हणाली आणि हार ओवतच राहिली. तिने माझं गाव विचारलं, माहेर विचारलं, किती लेकरं ते विचारलं. चौकशीत ती मला सहज हरवत होती. तिने सगळं विचारून घेतलं, मग लेकीने पिशवीतून फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे पाय बरं काय आहे."

म्हातारीने सुई पोत्यात खोवली. फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काहीच बदललं नाही तिथे. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिचा उजवा हात मागे गेला, खांद्यावरचा पदर तिने उचलला आणि पुढे, अगदी कपाळापर्यंत ओढून घेतला. मग मान खाली घातली.

 लेकीने माझा दंड धरला होता, तिची बोटं रुतत होती.

"माय," ती कशीबशी म्हणाली, "कोन आहे?"

 म्हातारीने त्या न वळलेल्या करंगळीवरून हळूच बोट फिरवलं. "लग्नाच्या आंधी गाडीच्या चाकाखाली आली होती," ती म्हणाली. "वये नाई."

"तुले तं तोंडही आठवत नोहतं. अन् हात वयखले?"

"तोंड कवा पाह्यलं व मी?" म्हातारी म्हणाली. पदराखालून तिचा आवाज लाजल्यासारखा येत होता. "घरात सासू, सासरा, मोठे जेठ. मान वर करतो म्हटलं तरी सोय नोहती. पदर इथवर. ताट वाढलं का हात दिसे, पानी देल्लं का हात दिसे. तुले पह्यल्यांदा घेतलं तवाही मी हातच पाह्यले. मले वाटे, तोंड पाहाले तं जल्म पडला आहे. मंग इतक्या सालानं आठवाले बसली तं तोंड येईच ना. मी म्हटलं, मी इसरली. इसरली नोहती बाप्पा. पाह्यलंच नोहतं."

लेक रडत होती, पण आता वेगळं रडत होती. तिने आईला सगळं सांगितलं. ते मैदान, त्या भेगा, बाकावर उभी असलेली पोरं, मागे उकिडवा बसलेला बाप, आणि हे एक-दोनदा नाही तर दरवर्षी. म्हातारी ऐकत होती आणि मान हलवत होती, यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. एवढंच विचारलं, "पडलं नाई ना मंग कोनी?"

"नाई माय. कोनीच नाई पडलं."

म्हातारीने फोटो पुन्हा मांडीवर घेतला. बाकाच्या कडेवर आवळलेली ती बोटं तिने एकेक करून दाबली, दुखऱ्या हाताला दाबावं तशी.

"सोडा आता," ती त्या हातांना म्हणाली. "उतरले पोट्टे कवाचेच."